तीन तिकिटांची झाली सहा

समजा, अंतरवाली सराटीतल्या तुमच्या आठ जणांच्या ग्रुपवर एका रात्री कुणीतरी क्रूझचा व्हिडिओ टाकला. मुंबईहून गोवा, तीन दिवस, वर डेकवर स्विमिंग पूल, खाली थिएटर. पाच मिनिटांत सगळ्यांचे अंगठे वर. पण आठांतल्या सहा जणांनी समुद्र फक्त मोबाइलवर पाहिलेला. आपल्या अंबड तालुक्यातल्या पोरांचं पाणी म्हणजे विहीर, कॅनॉल आणि फार तर पैठणचा नाथसागर. मग ज्याच्या गळ्यात बुकिंग पडतं, त्याची झोप उडते. केबिन किती घ्यायच्या? चौघांची एक घेतली तर दोघांना वरच्या फळीवर झोपावं लागतं आणि त्यातला एक झोपेत पडणारा. खिडकीची केबिन महाग, आतली स्वस्त, पण आतल्या केबिनमध्ये दिवस की रात्र तेच कळत नाही. आधार कार्डावर नाव एक, कॉलेजच्या आयडीवर दुसरं. जाहिरातीतल्या भाड्यावर बंदराचं शुल्क आणि जीएसटी वेगळा. ऐन वेळी एक जण माघार घेतो आणि त्याच्या पैशांचं काय करायचं, यावरून चार दिवस ग्रुप शांत. ज्यांनी कधी बोट पाहिली नाही त्यांचं बुकिंग करणं म्हणजे त्यांच्या वतीने आधीच घाबरून घेणं असतं.

हे काम एकदा एका फार मोठ्या माणसाने अंगावर घेतलं होतं. साल १९२०. माणसाचं नाव सर दोराबजी टाटा. आणि ज्यांना बोटीत बसवायचं होतं, त्यांच्यात बरेचसे आपल्यासारखे देशावरचे गडी होते. कुणी मातीतला पैलवान, कुणी डांबर नसलेल्या रस्त्यावर अनवाणी पळणारा. ते सहलीला निघाले नव्हते. ते ऑलिंपिकला निघाले होते, भारताच्या पहिल्यावहिल्या संघातून.

टाटा म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर मीठ, ट्रक किंवा रतन टाटा येतात. दोराबजी हे त्या घराण्यातलं जरा मागे राहिलेलं नाव. जमशेदजींचा हा थोरला मुलगा. जन्म २७ ऑगस्ट १८५९, मुंबईचा. वडिलांनी स्वप्नं पाहिली, पोलाद कारखान्याचं, पाण्यावरच्या विजेचं, विज्ञान संस्थेचं. पण १९०४ मध्ये ते जर्मनीत वारले तेव्हा यातलं एकही उभं राहिलेलं नव्हतं. उभं केलं ते दोराबजींनी, धाकटे भाऊ रतनजी आणि काही जिवाभावाच्या माणसांना सोबत घेऊन. वडिलांचं नाव मोठं असलं की मुलाच्या कष्टाला वारसा म्हणून मोकळं होतात लोक. दोराबजींचं थोडं तसंच झालं.

त्यांचा स्वतःचा पहिला समुद्रप्रवास सोळाव्या वर्षीचा. १८७५ मध्ये वडिलांनी त्यांना इंग्लंडला धाडलं. आधी केंट परगण्यात खासगी शिकवणी, मग १८७७ मध्ये केंब्रिजचं कीज कॉलेज. तिथे दोन वर्षांत अभ्यास किती झाला हे सोडा, मैदान मात्र भरपूर झालं. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, धावणं, नाव वल्हवणं, घोडेस्वारी. घरापासून हजारो मैलांवर, अनोळखी जेवण आणि अनोळखी थंडी यांच्यात माणसाला आपलंसं वाटायला लावणारी गोष्ट मैदानच असते, हे त्यांना तिथे कळलं असावं. कारण परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या शाळांसाठी एक क्रीडा संघटना उभी करायला हात लावला. सुरुवात क्रिकेटपासून, मग धावण्या-उड्यांच्या स्पर्धा. स्वतः तिचे सरचिटणीस.

मधला काळ भराभर सांगतो. सेंट झेवियर्समधून १८८२ मध्ये बीए. मग चक्क दोन वर्षं बॉम्बे गॅझेट या इंग्रजी दैनिकात पत्रकारी. त्यानंतर वडिलांच्या कापड धंद्यात, त्यात नागपूरची एम्प्रेस मिलही आली. लग्न उशिरा, अडतिसाव्या वर्षी, म्हैसूरचे शिक्षणाधिकारी भाभा यांची मुलगी मेहरबाई यांच्याशी. या बाईंबद्दल खरं तर वेगळं पान हवं. साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि कप जिंकायच्या. बालविवाहाला बंदी घालण्याच्या चळवळीत त्यांचा आवाज मोठा होता.

एक प्रसंग मात्र थांबून सांगायला हवा, कारण या माणसाला प्रवासाची तयारी करणं म्हणजे काय ते ऑफिसात बसून कळलेलं नव्हतं. लोखंडाची खाण शोधायला १९०३-०४ च्या सुमारास दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ वेल्ड हे चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, बैलगाड्या घेऊन जंगलात फिरत होते. प्यायच्या पाण्याची एवढी मारामार, की एकदा चहा सोडावॉटरमध्ये उकळला. लोखंड तिथे हवं तसं निघालं नाही. कोळसा जवळ नाही, मग कारखाना कसा चालणार? निराश होऊन परतताना दोराबजी नागपुरात एका सरकारी अधिकाऱ्याला भेटायला गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला ते समोरच्या म्युझियममध्ये शिरले आणि तिथे भिंतीवरच्या भूगर्भाच्या नकाशात दुर्ग जिल्ह्याच्या भागात त्यांना लोखंडाची खूण दिसली. तिथून शोध वेगळ्या दिशेने सरकला आणि शेवटी साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, कारखाना उभा राहिला. कंपनीची नोंदणी १९०७ ची. १९१० मध्ये दोराबजींना सर ही पदवी मिळाली. ज्याला जंगलात पाणी नसलं की काय होतं ते माहीत आहे, तो दुसऱ्याला प्रवासाला धाडताना बारीकसारीक विचारतो.

आता पुण्याला या. डेक्कन जिमखाना १९०६ चा. दोराबजी त्याचे अध्यक्ष. पहिलं महायुद्ध संपल्यानंतर तिथे धावण्याच्या स्पर्धा होत्या आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड बक्षीस समारंभाला आले होते. धावायला आलेले बरेच जण आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. पायात काही नाही, कुणी कधी शिकवलेलं नाही, आहाराचं नाव नाही. पळायचं कसं, तर गावात जसं पळतात तसं. दोराबजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि चकित झाले. लांब पल्ल्याच्या शर्यतींतली त्यांची वेळ युरोपातल्या चांगल्या धावपटूंच्या आसपास जात होती.

हे वाचताना तुम्हाला तुमच्याच गावचा रस्ता आठवला असेल. पोलीस भरतीचं नोटिफिकेशन निघालं की वडीगोद्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेचारला कोण कोण पळत असतं, ते तुम्हाला तोंडपाठ आहे. १६०० मीटर किती मिनिटांत, हे आज तुमच्यातला प्रत्येक जण सेकंदासकट सांगतो. त्या काळात सेकंद हा हिशेबच नव्हता. ऑलिंपिकला जायचं ठरू लागलं तेव्हा जिमखान्यातल्या एका बड्या मंडळींना विचारलं गेलं, शंभर मीटरला साधारण किती वेळ लागायला हवा. त्यांनी अंदाज सांगितला एक ते दोन मिनिटांचा. मिनिटं नाहीत, सेकंद मोजतात, आणि सेकंदाचेही दहा भाग करतात, हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले. हसू नका. माहिती पोचलीच नसेल तर कुणाचंही असंच होतं.

दोराबजींनी तिथे एक साधी गोष्ट केली. यातल्या तीन धावपटूंना आपण स्वखर्चाने अँटवर्पला पाठवतो, असं सांगितलं. एवढंच. तीन जणांचं तिकीट. बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑगस्ट १९२० मध्ये ऑलिंपिक होणार होतं. १९१६ चं महायुद्धात बुडालं होतं, त्यामुळे हे आठ वर्षांनंतरचं. या तीन तिकिटांनी पुण्या-मुंबईतल्या मंडळींना पेटवलं. तीनच का, पूर्ण संघ का नको, अशी चर्चा सुरू झाली. तुमच्या ग्रुपमध्ये पण असंच होतं ना? दोघं जातो म्हणतात आणि बघता बघता नावं वाढतात. पण नावं वाढतात तेवढ्या वेगाने पैसे येत नाहीत, हेही तुम्हाला माहीत आहे.

आणि पैशाच्या आधी परवानगी. भारत ऑलिंपिकमध्ये खेळणार तर कोण म्हणून? देश स्वतंत्र नाही, ऑलिंपिक समिती नाही. गव्हर्नर लॉइड यांच्या ओळखीचा इथे उपयोग झाला आणि १९२० च्या सुरुवातीला भारताला भाग घ्यायची मान्यता मिळाली. त्याच वर्षी दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले, पहिले भारतीय सदस्य. तिकीट काढता काढता त्यांनी दरवाजाही उघडून घेतला म्हणा.

शेवटी सहा जण ठरले. धावणारे चौघं: बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी. पैलवान दोघं: कुमार नवले आणि रणधीर शिंदे. सोबत व्यवस्थापक सोहराब भूत. सहांपैकी पाच आपल्या दख्खनच्या बाजूचे. ५ जून १९२० ला ही मंडळी मुंबईहून एस. एस. मँटुआ या बोटीने निघाली.

जूनचा पहिला आठवडा. अरबी समुद्राकडे जरा त्या नजरेने बघा. तुमच्याकडे तेव्हा सगळे आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात, पेरणीसाठी. समुद्रावर मात्र हाच नैर्ऋत्य मोसमी वारा उलट्या काढतो. मुंबई ते एडन हा टप्पा वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसांत ओलांडायचा. एसटीच्या मागच्या सीटवर बसून खड्ड्यांच्या रस्त्याने गेलात तर कसं वाटतं, तेच बोटीच्या टोकाच्या केबिनमध्ये होतं, फक्त उतरायची सोय नसते. म्हणून जाणकार आजही पहिल्यांदा जाणाऱ्यांना खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यावरची केबिन घ्यायला सांगतात. बोट टोकांना जास्त डुलते, मधे कमी. एसटीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली सीट आपण धरतो, त्यातलाच प्रकार.

मँटुआचंही थोडं ऐका. पी अँड ओ कंपनीची ही टपाल आणि प्रवासी बोट, १९०९ ची, जवळपास अकरा हजार टनांची. महायुद्धात सरकारने ती घेतली आणि तिच्यावर तोफा चढवल्या. ऑगस्ट १९१८ मध्ये ती पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउन बंदराला लागली तेव्हा तिच्यावर दोनशेच्या आसपास खलाशी तापाने आजारी होते. तो ताप साधा नव्हता, स्पॅनिश फ्लू होता आणि त्या बंदरातून तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला. त्याच साथीने आपल्याकडे गावंच्या गावं ओस पाडली होती. दीड-दोन वर्षांत रंगरंगोटी होऊन तीच बोट पुन्हा प्रवासी घेऊन जाऊ लागली आणि तिच्यात आपले सहा जण चढले.

केबिनची बाजू हाही तेव्हा मोठा विषय असायचा. विलायतेहून हिंदुस्थानकडे येताना बोटीची डावी बाजू आणि परत जाताना उजवी बाजू उन्हापासून वाचायची. तांबड्या समुद्रात पंख्याशिवाय उन्हाच्या बाजूला झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं. पैसेवाले साहेब लोक सावलीच्या बाजूची केबिन मागायचे. इंग्रजीत ऐटदार या अर्थाचा पॉश हा शब्द यातूनच आला, तिकिटावर तसा शिक्का असायचा, अशी एक गोष्ट तुम्ही रील्सवर नक्की ऐकली असेल. गोष्ट छान आहे, पण असा शिक्का मारलेलं एकही तिकीट कुणाला सापडलेलं नाही. ऊन मात्र खरं होतं.

आणि मग जेवण. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. बोटीच्या स्वयंपाकघरात सगळा बेत साहेबी. आखाडा नाही, माती नाही, जोर-बैठका काढायच्या त्या हलत्या फळ्यांवर. पळणाऱ्यांना तर आणखी कठीण. मुंबईपासून लंडनपर्यंत साधारण तीन आठवडे रस्ताच नाही. तुम्ही भरतीच्या महिनाभर आधी तीन आठवडे पळणं बंद केलंत तर काय होईल, याचा विचार करा. त्यातच समुद्र ओलांडणं पाप, परत आलं की प्रायश्चित्त, ही समजूत अजून पुरती गेलेली नव्हती. आणि पासपोर्टची सक्ती महायुद्धामुळे नुकतीच लागू झालेली. म्हणजे कागद नवे, पाणी नवं, अन्न नवं आणि डोक्यावर देशाचं नाव.

यात दोराबजींचा एक निर्णय शहाणपणाचा होता. संघ थेट अँटवर्पला न्यायचा नाही. जूनमध्येच निघायचं, आधी लंडनला उतरायचं, तिथल्या जाणकार प्रशिक्षकांच्या हाताखाली काही आठवडे सराव करायचा, पोटाला तिथल्या अन्नाची आणि अंगाला तिथल्या हवेची सवय लावायची आणि मग खेळायला जायचं. इंग्लंडला सोळा-सतराव्या वर्षी काय काय अंगावर आलं होतं, हे त्यांच्या लक्षात असणार. आपल्याकडे आजही राज्यस्पर्धेला पोरं रात्रभर जनरल डब्यात उभी राहून जातात आणि सकाळी नऊला मैदानावर उतरतात. शंभर वर्षांपूर्वीच्या या बुकिंगवाल्याला पोचण्याची तारीख आणि खेळण्याची तारीख यांच्यात अंतर ठेवावं लागतं, हे कळत होतं.

निकाल काय लागला? पदक एकही नाही. बॅनर्जींनी उद्घाटनाला झेंडा धरला, पण धावण्यात पहिल्याच फेरीत बाद झाले. नवलेंची कुस्ती पहिल्या फेरीत गेली. २२ ऑगस्टची मॅरेथॉन त्या वेळच्या ऑलिंपिकमधली सगळ्यात लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची. दातारांना ती पूर्ण करता आली नाही. फडेप्पा चौगुले मात्र पळत राहिले आणि २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. जिंकणारा फिनलंडचा कोलेमेनन त्यांच्या अठरा मिनिटं पुढे होता. अठरा मिनिटं हे अंतर मोठं आहे, हे पळणाऱ्याला सांगायला नको. पण काही महिन्यांपूर्वी ज्यांना कुणी पळायला शिकवलेलं नव्हतं, त्यांच्यातल्या एकाने जगातल्या पहिल्या विसांत नाव लावलं, हेही मोठंच.

सगळ्यात जवळ गेले ते रणधीर शिंदे. फेदरवेट गटात ते ब्राँझसाठीच्या लढतीपर्यंत पोचले आणि ब्रिटनच्या बर्नार्डकडून हरले. चौथा नंबर. एका कुस्तीने पदक हुकलं. मातीवरचा पैलवान गादीवर खेळत होता, हेही त्यात धरा. शाळेच्या पुस्तकात आपल्याला हे नाव का भेटलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

इथे मला एक गोष्ट तुमच्यापासून लपवायची नाही, कारण मोठ्या माणसाचं चरित्र नुसतं आरतीसारखं वाचलं की ते खोटं वाटायला लागतं. याच काळात, एप्रिल १९२१ पासून, पुण्याजवळच्या मुळशी खोऱ्यात मावळे शेतकरी सत्याग्रहाला बसले. विजेसाठी धरण बांधलं जात होतं, पन्नासावर गावांची भातशेती पाण्याखाली जाणार होती. धरण टाटांच्या कंपनीचं. सत्याग्रहाचे पुढारी सेनापती बापट. धरण झालं, जमिनी गेल्या. एकीकडे दख्खनच्या अनवाणी शेतकऱ्याचं घड्याळ पाहून त्याला ऑलिंपिकला पाठवणारा माणूस, आणि दुसरीकडे दख्खनच्या दुसऱ्या शेतकऱ्याचं शेत पाण्याखाली घालणारी त्याचीच कंपनी. जायकवाडीत ज्यांच्या आजोबांची गावं गेली, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. या दोन गोष्टींची एकमेकीत वजाबाकी करून उत्तर काढता येत नाही. दोन्ही खऱ्या आहेत.

ऑलिंपिकचा नाद त्यांनी पुढे सोडला नाही. १९२४ च्या पॅरिससाठी देशभरातून निवड होऊ लागली. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, पहिले अध्यक्ष तेच. १९२८ मध्ये हॉकी संघ ॲम्स्टरडॅमला निघाला तेव्हा त्याला निरोप द्यायला मुंबईच्या धक्क्यावर जेमतेम तीन माणसं होती. दोन खेळाडूंच्या खर्चाची तर शेवटपर्यंत ओढाताण होती. हाच संघ ध्यानचंद यांच्यासह सुवर्णपदक घेऊन परतला आणि मग धक्क्यावर गर्दी मावेना.

तिकिटाच्या पैशाचं दुखणं मात्र संपलं नाही. १९५२ मध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायचं होतं. चार वर्षांपूर्वी लंडनला ते सहावे आले होते. गावातून, ओळखीतून वर्गणी जमवली, तरी कमी पडले. मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. रणधीर शिंद्यांच्या हातून निसटलेलं ब्राँझ बत्तीस वर्षांनी आलं आणि ते येण्यासाठी पुन्हा कुणाला तरी दुसऱ्याचं तिकीट काढावंच लागलं. आपल्या शेजारच्या बीडमधल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ ला पॅरिसमध्ये स्टीपलचेसच्या फायनलमध्ये पळाला, तो सैन्यात भरती झाल्यामुळे मैदानापर्यंत पोचला. ज्यांना तशी नोकरी मिळाली नाही, असे किती जण आपल्या बांधावरच राहिले, त्याची यादी कुणाकडे नाही.

दोराबजींचं शेवटचं दशक सोपं गेलं नाही. पोलाद कारखाना १९२४ मध्ये बुडायला आला, पगाराला पैसे नव्हते. मेहरबाईंसाठी घेतलेला ज्युबिली हिरा, २४५ कॅरेटचा, कोहिनूरपेक्षा मोठा, त्यांनी आपल्या सगळ्या खासगी मालमत्तेसोबत बँकेत गहाण ठेवला आणि कारखाना वाचवला. खर्डेकर सरांचं घर आणि टाटांचा हिरा यांची किंमत वेगळी असेल, पण दोघांनीही जे होतं तेच ठेवलं होतं. १९३१ मध्ये मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये वारल्या. मूलबाळ नव्हतं. पुढच्या वर्षी दोराबजींनी आपली सगळी संपत्ती, कोटाच्या टायपिनसकट, एका ट्रस्टच्या नावे केली. मुंबईतलं टाटा कॅन्सर हॉस्पिटल, जिथे आजही जालना-बीडहून आलेले नातेवाईक फुटपाथवर रात्र काढताना दिसतात, ते या पैशातून उभं राहिलं. समाजकार्य शिकवणारी टिस ही संस्थाही त्याच पैशातली. तिथे प्रवेशासाठी तुमच्यातलं कुणी ना कुणी अर्ज भरणारच आहे.

मग एप्रिल १९३२ मध्ये त्यांनी आणखी एक समुद्रप्रवास केला. वय बहात्तर, तब्येत खालावलेली. इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत मेहरबाईंची समाधी होती, तिथे जायचं होतं. युरोपात पोचले, पण जर्मनीतल्या बाद किसिंगेन गावी ३ जूनला त्यांचं निधन झालं. मँटुआ मुंबईहून सुटली त्याला दोन दिवसांनी बारा वर्षं पूर्ण होणार होती. त्यांना ब्रुकवुडला नेलं आणि मेहरबाईंच्या शेजारी ठेवलं. परतीचं तिकीट तसंच राहिलं.